पायलट, केबिन क्रू आणि कमांड: सारखे सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

केबिन क्रूच्या ट्रेनिंगमध्ये नवीन आलेले, इंटरव्ह्यूची तयारी करणारे, काही ज्युनिअर फर्स्ट ऑफिसर (म्हणजे को-पायलट) आणि बरेचसे नुसते उत्सुक प्रवासी, असे सगळे मिळून जे प्रश्न परत परत पाठवतात ते एकत्र केलेत. एअरलाइननुसार शब्द आणि प्रोसिजर थोडे बदलतात, त्यामुळे ड्युटीवर असताना तुमच्या कंपनीचं मॅन्युअल हेच फायनल. इथे त्यामागचं तत्त्व आणि कारणं सांगितलीयेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलंय तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. विमानात नक्की बॉस कोण? कॅप्टन की पर्सर?

कॅप्टन. यात दोन मतं नाहीत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो करारातच, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात, लिहिलंय की विमानाबद्दलचा अंतिम अधिकार पायलट-इन-कमांडचा, म्हणजे कॅप्टनचा. पर्सर (कुठे इन-चार्ज म्हणतात, कुठे लीड) केबिनची प्रमुख असते, बाकी क्रूला कामं वाटून देते, केबिनचं रिपोर्टिंग तिच्याकडून कॅप्टनकडे जातं. पण कॅप्टनकडे अंतिम अधिकार आहे याचा अर्थ सगळी माहिती पण त्याच्याकडेच आहे असा बरेच जण लावतात आणि तिथेच घोटाळा होतो. कॉकपिटच्या खिडकीतून मागचं इंजिन दिसत नाही, बऱ्याच विमानांत पंखसुद्धा धड दिसत नाही, आणि गॅलीत (विमानातल्या किचनमध्ये) जळका वास येतोय हे पुढे बसून कळत नाही. निर्णय त्याचा, पण तो ज्याच्यावर उभा असतो त्यातला मोठा भाग मागून येतो. खालचे बहुतेक प्रश्न फिरून फिरून इथेच येतात.

२. फर्स्ट ऑफिसर विमान उडवत असेल तर तेवढ्यापुरती कमांड त्याची होते का?

नाही. कोण उडवतंय आणि कोण कमांडमध्ये आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक सेक्टर (एक टेक-ऑफ ते लँडिंग) कॅप्टन उडवतो, पुढचा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे एक जण पायलट फ्लाइंग (उडवणारा) आणि दुसरा पायलट मॉनिटरिंग (लक्ष ठेवणारा). कमांड मात्र पूर्ण वेळ कॅप्टनकडेच, हवं तेव्हा तो कंट्रोल्स स्वतःकडे घेऊ शकतो. केबिन क्रूसाठी यातली कामाची गोष्ट एवढीच की इंटरफोनवर फर्स्ट ऑफिसरने फोन उचलला तर "कॅप्टनला द्या" म्हणत बसू नका, सांगायचं ते सांगून टाका, ते दोघं एकत्रच ऐकत असतात किंवा लगेच एकमेकांना सांगतात.

३. कॅप्टन बेशुद्ध पडला तर पुढे कोण? आणि केबिन क्रूचं त्यात काय काम?

कमांड फर्स्ट ऑफिसरकडे जाते. लांबच्या फ्लाइटला जादा पायलट असतील तर त्यांचा क्रम आधीच ठरलेला असतो. पायलट्सच्या नंतर पर्सर, मग सीनिऑरिटीने बाकी केबिन क्रू. ही उतरंड उगाच कागदावर ठेवलेली नाहीये, रिफ्रेशर ट्रेनिंगमध्येसुद्धा ती तोंडपाठ विचारतात.

केबिन क्रूचं काम अगदी ठरलेलं आहे. आत जायचं, बेशुद्ध पायलटला कंट्रोल्सपासून मागे ओढायचं, खांद्याचे पट्टे घट्ट करून लॉक करायचे, सीट मागे सरकवायची, ऑक्सिजन द्यायचा, आणि जो पायलट उडवतोय त्याने सांगितलं तर चेकलिस्ट वाचून दाखवायची. सीट कुठल्या खटक्याने मागे जाते हे त्या क्षणी शोधत बसायची वेळ येऊ नये, म्हणून ट्रेनिंगमध्ये ते प्रत्यक्ष हाताने करून घेतात.

१० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० फ्लाइटमध्ये चढताना १७,००० फुटांच्या आसपास कॉकपिटची काच निखळली (बदललेल्या काचेला चुकीच्या मापाचे बोल्ट लावलेले होते) आणि कॅप्टन कमरेपासून वर बाहेर खेचला गेला. केबिन क्रूपैकी एकाने त्याचे पाय धरले, तो थकल्यावर दुसऱ्यांनी धरले, आणि तेवढ्यात फर्स्ट ऑफिसरने विमान साउथॅम्पटनला उतरवलं. कॅप्टन वाचला. कोणी कोणाला "तुम्ही हे करा" सांगण्याइतकी शांतता तिथे नव्हतीच, वाऱ्याच्या आवाजात काही ऐकूही येत नव्हतं, प्रत्येकाने आपल्या हाताशी असलेलं काम उचललं.

४. कॅप्टनची कायदेशीर सत्ता कधी सुरू होते, कधी संपते?

१९६३ च्या टोकियो करारात हे स्पष्ट आहे. प्रवासी चढल्यावर विमानाचे सगळे बाहेरचे दरवाजे बंद झाले की सुरू, आणि प्रवाशांना उतरवण्यासाठी एखादा दरवाजा उघडला की संपली. फोर्स्ड लँडिंग झालं तर संबंधित अधिकारी येऊन ताबा घेईपर्यंत ती चालूच राहते. हे झालं विमानातले गुन्हे, दंगा वगैरे संदर्भात. कामाच्या दृष्टीने क्रूवर कॅप्टनचा अधिकार ब्रीफिंगपासूनच असतो, ते कंपनीचे नियम ठरवतात. बोर्डिंग चालू असताना दरवाजा उघडा असतो तेव्हा कॅप्टन कोणाला घेणार नाही म्हणू शकतो का, तर हो, पण ते ग्राउंड स्टाफ आणि एअरपोर्ट सिक्युरिटीच्या मदतीने होतं.

५. सीआरएम सीआरएम सगळे म्हणतात, म्हणजे नक्की काय?

क्रू रिसोर्स मॅनेजमेंट. सोप्या भाषेत, विमानात आणि विमानाबाहेर जी माणसं, जी माहिती, जी यंत्रं उपलब्ध आहेत त्या सगळ्यांचा वापर करून घ्यायची शिस्त.

२८ डिसेंबर १९७८ ला युनायटेडची १७३ फ्लाइट, डीसी-८, पोर्टलंडजवळ लँडिंग गिअरच्या (चाकांच्या) तक्रारीमुळे घिरट्या घालत राहिली. कॅप्टन गिअरच्या आणि केबिन तयार करण्याच्या विचारात इतका गुंतला की इंधन संपत आलंय हे फ्लाइट इंजिनिअर सुचवत राहिला तरी ते ठामपणे पोचलंच नाही. इंधन संपून विमान पडलं, १० जण गेले. पुढच्याच वर्षी नासाने या विषयावर वर्कशॉप घेतलं आणि १९८१ मध्ये युनायटेडने त्यावर ट्रेनिंग सुरू केलं. तेव्हा त्यातला 'सी' कॉकपिटचा होता, म्हणजे फक्त पायलट्सचा, केबिन क्रूला त्यात धरलंच नव्हतं. नंतर तो क्रूचा झाला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा बदल तोच. तो का महत्त्वाचा याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

६. आम्हाला टेक्निकल काय कळतं? पायलटला जाऊन "इंजिनात काहीतरी आहे" सांगायला भीती वाटते

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर मोठं आहे.

८ जानेवारी १९८९. ब्रिटिश मिडलँडची ९२ नंबरची फ्लाइट, बोइंग ७३७-४००, हीथ्रोहून बेलफास्टला निघालेली. डाव्या इंजिनाचं फॅन ब्लेड तुटलं, विमान थरथरलं, धूर आला. पायलट्सनी उजवं इंजिन बंद केलं. योगायोगाने त्याच वेळी थरथर कमी झाली, त्यांना वाटलं बरोबर केलं. मग कॅप्टनने पीएवर (विमानातल्या स्पीकरवर) प्रवाशांना सांगितलं की उजव्या इंजिनात प्रॉब्लेम होता, ते बंद केलंय. मागच्या बाजूला बसलेल्या बऱ्याच प्रवाशांनी डाव्या इंजिनातून ज्वाळा बघितल्या होत्या, तीन केबिन क्रूनासुद्धा डावीकडे आगीच्या खुणा दिसल्या होत्या. ही विसंगती कॉकपिटपर्यंत पोचलीच नाही. ईस्ट मिडलँड्सला उतरताना डावं इंजिनही गेलं आणि विमान रनवेच्या अलीकडे केगवर्थजवळ मोटरवेच्या भरावावर आदळलं. ४७ जण गेले. एक फोन, "कॅप्टन, आग डावीकडे दिसतेय", एवढंच लागणार होतं.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० मार्च १९८९ ला, कॅनडात ड्रायडनला एअर ऑन्टारिओची १३६३ फ्लाइट, फोकर एफ-२८, पंखांवर बर्फ साचलेला असताना टेक-ऑफ करायला गेली आणि रनवेच्या पुढे झाडीत कोसळली. ६९ पैकी २४ जण गेले, दोन्ही पायलट धरून. पंखांवरचा बर्फ एका फ्लाइट अटेंडंटने बघितला होता. चौकशीत पुढे आलं की पायलट्सना अशी ऑपरेशनल माहिती केबिन क्रूकडून आलेली आवडणार नाही असं तिला वाटत होतं, तसं वातावरणच होतं. तिला दोष देऊन काही उपयोग नाही, हे वातावरण तयार करणारे वरचे लोक होते.

त्यामुळे "मला टेक्निकल कळत नाही" हे न सांगण्याचं कारण होऊच शकत नाही. तुम्ही डायग्नोसिस द्यायचंच नाहीये, जे दिसलं, ऐकू आलं, नाकाला जाणवलं ते सांगायचंय. त्याचा अर्थ लावायचं काम पायलटचं. आणि सांगितलेलं दहा वेळा किरकोळ निघालं तरी अकराव्या वेळी तेवढ्याच तत्परतेने सांगायचं.

७. बरं, सांगायचं ठरवलं. पण शब्द काय वापरायचे?

आधी तुम्ही कोण आणि कुठे, मग काय, कुठे, कधीपासून, वाढतंय का, आणि तुम्ही काय केलंत. उदाहरणार्थ: "कॅप्टन, मागच्या गॅलीतून बोलतेय. डाव्या बाजूला सीट २२ च्या वरच्या बिनमधून (सामानाच्या कप्प्यातून) पांढरा धूर येतोय, साधारण एक मिनिट झालं, वाढतोय, एक्स्टिंग्विशर वापरतोय, प्रवासी पुढे हलवलेत." एवढं ऐकल्यावर पुढच्याला चित्र दिसतं.

याउलट "सर, जरा मागे थोडं काहीतरी वाटतंय, तुम्ही बिझी असाल तर नंतर बोलते" असं म्हटलं की पुढचा माणूस खरंच नंतर बोलतो. डावं-उजवं नेहमी विमानाच्या नाकाकडे तोंड करून सांगायचं. जंपसीटवर (क्रूच्या घडीच्या सीटवर) बऱ्याचदा मागे तोंड करून बसलेलो असतो आणि तिथे हमखास उलटं होतं, म्हणून सीट नंबर जोडून द्या. आणि फोन ठेवू नका, पायलट "ओके, कॉल यू बॅक" म्हणेपर्यंत लाइनवर थांबा.

मोबाइल, लॅपटॉप वगैरेच्या बॅटरीच्या आगीत हेच काम वाटून घेतात. एक जण आग विझवतो, एक जण फक्त कॉकपिटशी बोलतो, एक जण सामान आणून देतो. बोलणारा माणूस वेगळा ठेवायचं कारण हेच की विझवणाऱ्याला धड बोलता येत नाही.

८. दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटला फोन करायचाच नाही ना? स्टराइल कॉकपिट असतं ना?

अर्धवट शिकवल्यामुळे हा गैरसमज होतो. स्टराइल कॉकपिटचा नियम अमेरिकेत १९८१ मध्ये आला. टॅक्सी, टेक-ऑफ, लँडिंग आणि क्रूझ सोडून १०,००० फुटांच्या खालचं सगळं उड्डाण, यात पायलट्सनी आणि त्यांच्याशी बाकीच्यांनी सेफ्टीशी संबंध नसलेलं काही बोलायचं नाही. १९७४ मध्ये शार्लटला ईस्टर्नची २१२ फ्लाइट धुक्यात उतरताना पडली, तेव्हा कॉकपिटमध्ये इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या होत्या, ते या नियमामागचं एक कारण.

नियम फालतू बोलण्यावर आहे, सेफ्टीच्या माहितीवर नाही. कॉफी हवी का, कनेक्टिंग फ्लाइटचं गेट कुठलं, व्हीलचेअर किती लागतील, हे नको. धूर, आग, विचित्र आवाज, पंखावर बर्फ, दरवाज्याजवळ काही गडबड, प्रवासी उभा राहिलाय आणि बसत नाहीये, हे लगेच. सेफ्टीचं आहे की नाही यात शंका असेल तर ते सेफ्टीचं आहे असं धरायचं आणि फोन करायचा. ऐन टेक-ऑफच्या रनमध्ये किंवा चाकं टेकायच्या क्षणी काही कंपन्या कॉल थांबवायला सांगतात, ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

९. कॅप्टनने ऐकूनच घेतलं नाही तर? उलट बोलायचं का?

पायरी पायरीने जोर वाढवायचा. आधी विचारा: "कॅप्टन, पंखावर बर्फ दिसतोय, तुम्ही बघितलाय का?" मग काळजी सांगा: "मला हे सेफ वाटत नाहीये." मग स्पष्ट: "कॅप्टन, डी-आयसिंग (बर्फ काढणं) न करता निघू नये असं माझं म्हणणं आहे, कृपया कोणीतरी येऊन बघा." पर्सरला सामील करा, फर्स्ट ऑफिसरला सांगा. आवाज चढवायची गरज नसते, नेमकेपणा लागतो.

एक गोष्ट नीट समजून घ्या. तुम्ही माहिती दिली, ती त्याला पोचली, आणि विचार करून त्याने वेगळा निर्णय घेतला, तर तो त्याचा अधिकार आहे. त्याच्याकडे एखादी गोष्ट असू शकते जी तुम्हाला दिसत नाही. पटलं नाही तर उतरल्यावर रिपोर्ट लिहा, सेफ्टी रिपोर्टिंग त्यासाठीच असतं. याला अपवाद एकच, जिथे जीव ताबडतोब धोक्यात आहे आणि वाट बघायला वेळ नाही. तो पुढच्या प्रश्नात.

१०. कॅप्टनच्या ऑर्डरशिवाय केबिन क्रू इव्हॅक्युएशन (सगळ्यांना तातडीने बाहेर काढणं) सुरू करू शकतो का?

हो, करू शकतो, काही वेळा करायलाच लागतं. साधारणपणे आग किंवा दाट धूर आत येतोय, विमान मोडलंय, पाण्यात उतरलंय, विचित्र कोनात पडलंय, आणि कॉकपिटकडून काही येत नाहीये किंवा तिथे काही उरलंच नाहीये, अशा वेळी. आधी कॉकपिटशी संपर्क करायचा प्रयत्न करायचा, पण त्यात जीव जातील इतकं थांबायचं नाही.

१९ ऑगस्ट १९८० ची सौदियाची १६३ फ्लाइट प्रत्येक ट्रेनिंगमध्ये शिकवावी अशी आहे. रियाधहून निघाल्यावर धुराचा इशारा आला, विमान परत फिरलं, सुखरूप उतरलं. उतरलं! पण कॅप्टनने लगेच ब्रेक मारून थांबायच्या ऐवजी विमान टॅक्सीवेवर नेलं, इंजिनं काही मिनिटं चालूच होती. फ्लाइट अटेंडंट्सनी हवेतच परत परत विचारलं होतं इव्हॅक्युएट करायचं का, होकार मिळाला नाही. दरवाजे आतून उघडले गेलेच नाहीत. बाहेरच्यांनी दरवाजा उघडेपर्यंत आतले ३०१ च्या ३०१ गेलेले होते. सगळी माहिती होती, विचारणारे होते, जमिनीवर होते.

६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोला एशियानाच्या २१४ मध्ये उलटं झालं. विमान आदळून थांबल्यावर कॉकपिटमधून आधी थांबा असंच सांगितलं गेलं, पण एका फ्लाइट अटेंडंटला खिडकीतून आग दिसली आणि साधारण ९० सेकंदांत इव्हॅक्युएशन सुरू झालं. ३०७ पैकी तिघं गेले, बाकी वाचले.

आणि २ जानेवारी २०२४, हानेडा. जपान एअरलाइन्सचं ५१६, एअरबस ए३५०, रनवेवर कोस्ट गार्डच्या विमानाला धडकलं. कोस्ट गार्डच्या सहापैकी पाच जण गेले, पण जळणाऱ्या ए३५० मधले ३७९ च्या ३७९ बाहेर आले. पीए बंद पडलेला, म्हणून मेगाफोन आणि घसा वापरून. आठपैकी फक्त तीन दरवाजे वापरण्यासारखे होते. मागच्या डाव्या दरवाज्यावरच्या क्रूला कॉकपिटशी बोलताच आलं नाही, बाहेरची स्थिती बघून तिथला निर्णय तिथेच घेतला. सगळ्यात शेवटी कॅप्टन उतरला. कमांड आणि स्वतंत्र निर्णय एकत्र कसे चालतात हे ज्याला बघायचंय त्याने हे प्रकरण वाचावं.

११. मग भीती वाटली की लगेच दरवाजा उघडायचा?

अजिबात नाही. विमान पूर्ण थांबलंय का, त्या बाजूचं इंजिन चालू तर नाही ना, खिडकीतून बाहेर आग, पाणी, मोडलेले भाग दिसतायत का, हे बघितल्याशिवाय हँडलला हात नाही. चालू इंजिनासमोर स्लाइड (उतरायची फुगणारी घसरगुंडी) उघडणं म्हणजे लोकांना एका धोक्यातून दुसऱ्यात ढकलणं. दरवाजा दरवाज्याप्रमाणे निर्णय वेगळा असतो, एक वापरता येईल तर शेजारचा नाही. १५ जानेवारी २००९ ला हडसन नदीत उतरलेल्या यूएस एअरवेजच्या १५४९ मध्ये मागचा एक दरवाजा थोडासा उघडला गेला आणि पाणी आत आलं, कारण शेपूट खाली गेलेली होती, पुढचे आणि पंखांवरचे एक्झिट वापरून सगळे १५५ वाचले.

आणि हवेत असताना किंवा कॅप्टनने "सीटवरच थांबा" सांगितलंय आणि तुमच्या बाजूला काहीच धोका दिसत नाहीये, तर थांबायचं. पण खिडकीवरून नजर काढायची नाही, आणि काही बदललं तर लगेच पुढे सांगायचं.

१२. इमर्जन्सीत कॅप्टन पर्सरला पटकन काय सांगतो? ब्रीफिंगला काय काय विचारून घ्यायचं?

चार गोष्टी, ट्रेनिंगमध्ये 'निट्स' म्हणून पाठ करून घेतात: नक्की काय झालंय, काय करणार आहोत, वेळ किती आहे, आणि वेगळ्या सूचना काय. म्हणजे असं: "लँडिंग गिअर एक बाजूचा नीट उतरत नाहीये. परत फिरतोय, इमर्जन्सी लँडिंग. पंधरा मिनिटं. ब्रेसची (आदळण्याआधी वाकून बसायची) ऑर्डर मी देणार, विमान डावीकडे कलेल, डावे एक्झिट जपून." पर्सरने हे जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. परत म्हणणं वेळखाऊ वाटतं पण चुकीचं ऐकलेलं त्यातच पकडलं जातं. मग दोघांनी घड्याळं जुळवायची. पर्सरने मागे गेल्यावर हेच चार मुद्दे क्रूला, त्याच क्रमाने.

पायलट लोकांसाठी: वेळ सांगायला विसरू नका. केबिन तयार करायला पाच मिनिटं आहेत की वीस, यावर मागे सगळंच बदलतं.

१३. मास्क खाली पडले आणि कॉकपिटमधून काहीच आवाज नाही. किती वेळ थांबायचं?

थांबायचं नाही. आधी स्वतःचा मास्क, मग विमान खाली जातंय का ते जाणवतं का बघायचं. मास्क पडल्यावर पायलटने झपाट्याने खाली यायला हवं आणि काहीतरी अनाउन्समेंट करायला हवी. ते होत नसेल तर लगेच इंटरफोन, उत्तर नाही तर पोर्टेबल ऑक्सिजन घेऊन पुढे.

१४ ऑगस्ट २००५ ला हेलिओसची ५२२ फ्लाइट, लार्नाकाहून अथेन्सकडे. प्रेशरायझेशनचा (केबिनमधल्या हवेच्या दाबाचा) स्विच मॅन्युअलवर राहिला होता, चढताना केबिनमधलं प्रेशर घटत गेलं, वॉर्निंगचा अर्थ पायलट्सना वेगळाच वाटला आणि ऑक्सिजन कमी पडून ते बेशुद्ध झाले. मागे मास्क पडले होते पण विमान ऑटोपायलटवर चढतच राहिलं. एक केबिन क्रू कॉकपिटमध्ये पोचला, हे सोबत उडणाऱ्या लढाऊ विमानाच्या पायलटने बघितलं, पण तोवर इंधन संपत आलं होतं. १२१ च्या १२१ गेले. प्रवाशांच्या मास्कचा ऑक्सिजन थोडीच मिनिटं पुरतो, त्यामुळे पहिली दोन-तीन मिनिटं फार मोलाची. आत शिरायचं कसं त्यासाठी पुढचा प्रश्न.

१४. कॉकपिटचा दरवाजा तर लॉक असतो, मग आत जाणार कसे?

११ सप्टेंबर २००१ नंतर मजबूत दरवाजे आले. आतून उत्तर येत नसेल तर क्रूसाठी इमर्जन्सी पद्धत असते, ठरावीक वेळ जाऊन दरवाजा उघडतो, पण आतला माणूस ती विनंती नाकारू शकतो. हायजॅकर बाहेर असेल तर तेच हवं. याची दुसरी बाजू २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जच्या ९५२५ मध्ये दिसली, को-पायलटने कॅप्टनला बाहेर ठेवून विमान डोंगरावर घातलं, १५० जण गेले. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी कॉकपिटमध्ये कायम दोन माणसं हवीत असा नियम आला, एक पायलट बाहेर गेला की केबिन क्रू आत. पुढे काहींनी तो शिथिल केला. तुमच्या कंपनीत काय आहे ते तिथेच विचारा. कोड, नॉकची खूण वगैरे कृपया कुठेही लिहू नका, विचारूही नका.

१५. हायजॅकमध्ये पायलट निघून गेले तर तो पळपुटेपणा नाही का? नीरजा भनोतच्या फ्लाइटबद्दल विचारतोय

नाही. ५ सप्टेंबर १९८६ ला कराचीला पॅन ॲमच्या ७३ मध्ये अतिरेकी घुसले तेव्हा केबिन क्रूने कॉकपिटला सावध केलं आणि पायलट वरच्या हॅचमधून बाहेर पडले. प्रोसिजरला धरूनच होतं ते. पायलटच नसतील तर विमान उडवून नेता येत नाही, जमिनीवर अडकून राहतं. आणि म्हणून आत सगळ्यात सीनिअर राहिली ती सीनिअर पर्सर नीरजा भनोत. प्रश्न ३ मधली उतरंड तिथे खरोखर लागू झाली. तिने आणि तिच्या क्रूने अमेरिकन प्रवाशांचे पासपोर्ट लपवले, गोळीबार सुरू झाल्यावर लोकांना बाहेर काढलं, आणि त्यातच तिचा जीव गेला. सावध करणारी माणसं केबिन क्रू होती, त्या एका इशाऱ्याने पुढचं सगळं बदललं.

१६. दंगा करणाऱ्या प्रवाशाला बांधायचा निर्णय कोणाचा?

कॅप्टनचा. टोकियो करारानुसार तो क्रूला तसं सांगू शकतो किंवा परवानगी देऊ शकतो, प्रवाशांना मदतीची विनंती करू शकतो पण सक्ती नाही. मात्र विमानाच्या किंवा माणसांच्या सुरक्षेला लगेच धोका असेल तर कोणीही क्रू किंवा प्रवासी परवानगीशिवाय वाजवी उपाय करू शकतो. कोणी दरवाज्याच्या हँडलला झोंबत असेल तर आधी फोन नाही, आधी माणूस आवरायचा. कॅप्टनने स्वतः बाहेर येऊन मिटवायचा प्रयत्न करू नये, त्याची जागा बंद दरवाज्याच्या आत.

१७. सीटबेल्ट साइन बंद आहे पण मागे जोरात हलतंय. सर्व्हिस थांबवायला परवानगी लागते का?

नाही. शेपटीकडे धक्के पुढच्यापेक्षा जास्त बसतात, कॉकपिटला ते तेवढे जाणवत नाहीत. ट्रॉली लॉक करा, बसा, पट्टा बांधा, मग फोन करून साइन लावायला सांगा. स्वतः जखमी झालेला क्रू इव्हॅक्युएशनच्या वेळी कामाचा राहत नाही.

१८. आजारी प्रवाशासाठी डॉक्टर म्हणतात उतरवा. कॅप्टनने ऐकायलाच हवं का?

डॉक्टरांचा सल्ला, निर्णय कॅप्टनचा. जवळचं एअरपोर्ट, हवामान, वजन, तिथे हॉस्पिटल आहे का, हे त्याला बघायचं असतं. क्रूने डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे पोचवायचे, आपल्या अंदाजाचं मीठ घालायचं नाही. जमिनीवरची मेडिकल सेवा कॉकपिटमधून जोडता येते, म्हणून नाडी, श्वास, शुद्ध, वय हे लिहून घेऊन मगच फोन.

१९. दर फ्लाइटला नवा कॅप्टन, नवीन क्रू. ओळखच नसते तर टीमवर्क कुठून येणार?

ब्रीफिंगमधून. कॅप्टनने नावं विचारली, स्वतःचं सांगितलं, हवामान आणि टर्ब्युलन्स कुठे येणार ते सांगितलं, आणि शेवटी "काहीही वेगळं दिसलं तर मला सांगा, चुकीचं निघालं तरी चालेल" हे एक वाक्य म्हटलं, तर पुढचे सहा तास फोन येतो. मान वर न करता "एनी क्वेश्चन्स? नो? ओके" झालं तर येत नाही. दोन मिनिटांचा फरक आहे. फर्स्ट ऑफिसर मंडळींनो, उद्या तुम्ही डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर बसणार आहात, हे वाक्य आत्तापासून म्हणायची सवय करा. आणि एखादीने फोन करून सांगितलेलं काहीच निघालं नाही, तर उतरल्यावर तिला मुद्दाम थँक्यू म्हणा, बाकीचे ऐकतील असं.

२०. कॅप्टनपेक्षा सीनिअर कॅप्टन प्रवासी म्हणून मागे बसलाय. त्याचं ऐकायचं का?

ऑर्डर म्हणून नाही. ड्युटीवर नसलेल्याची विमानावर कसलीच कमांड नसते, चार पट्ट्यांचा युनिफॉर्म घातलेला असला तरी. पण त्याने काही दिसलं म्हणून सांगितलं तर ते कुठल्याही माहितीसारखं पुढे पोचवा. उलटही लक्षात ठेवा: प्रश्न ६ मधल्या ड्रायडनच्या विमानात दोन एअरलाइन कॅप्टन प्रवासी म्हणून बसलेले होते, त्यांनाही पंखांवरचा बर्फ दिसत होता आणि तेही पुढे काही बोलले नाहीत. त्यामुळे मागे बसलेला पायलट गप्प आहे म्हणजे सगळं ठीक असेल असं धरू नका, तुम्हाला दिसलंय तर फोन तुम्हीच करायचा.